न खेळलेला हंगाम

माणसाला तोंडावर त्याची किंमत सांगायची असली की खोलीत आधी पाणी ठेवावं लागतं. ते पाणी ठेवायचं काम मी फिनिक्सच्या एका मोठ्या हॉटेलात बरीच वर्षं केलं. हॉटेलचं नाव सांगत नाही. खेळाडूंची आणि पुढे भेटेल त्या मुलीची नावं बदलली आहेत. बाकी घडलं तसं सांगते.

मी चौथी पास. नवरा गेल्यावर मुलाने मला इकडे अमेरिकेत, फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरला आणलं. सुनेच्या घरात बसून दिवसभर भिंती बघण्यापेक्षा काम बरं, म्हणून हॉटेलच्या बँक्वेट खात्यात लागले. बँक्वेट म्हणजे लग्नं, सभा, मेजवान्या यांच्यासाठी खोल्या लावायच्या. टेबलं जोडायची, कापड घालायचं, खुर्च्या, ग्लास, पाण्याचे जग आणि ज्याच्या त्याच्या जागेवर नावाचं कार्ड. कापडाची घडी टेबलाच्या मधोमध सरळ यावी लागते. माझी यायची. पगारवाढ मात्र सगळ्यांना सारखीच मिळे, घडी वाकडी पाडणारालाही. आमची कुणाशी तुलना करावी असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. खेळाडूंची होते तशी होत असती, तर मी ती नोकरी एक दिवस केली नसती.

फेब्रुवारी आला की आमच्याकडे बेसबॉलवाल्यांच्या सुनावण्या होत. हा खेळ मला आजही आवडत नाही. बॅट घेऊन उभा राहतो तो बॅटर. त्याने चेंडू मारायचा आणि धावायचं. क्रिकेट बघणाराला नवल वाटेल, पण इथला उत्तम बॅटर दहातून सात वेळा बाद होतो आणि तरी लोक त्याला डोक्यावर घेतात. त्याची सुरुवातीची वर्षं क्लब, म्हणजे संघ चालवणारे, देतील त्या पगारावर जातात. मग एक वेळ येते, तेव्हा तो म्हणतो मला इतके हवेत, आणि क्लब म्हणतो आम्ही इतकेच देऊ. जमलं नाही तर प्रकरण तीन लवादांपुढे येतं. लवाद म्हणजे निवाडा करणारी बाहेरची माणसं. त्यांनी दोन आकड्यांतला एक उचलायचा. मधला काढायचा नाही. भाजीवालीशी करतो तशी घासाघीस तिथे चालत नाही.

आता कोणाचा आकडा बरोबर हे कसं ठरवायचं? तर दोन्ही बाजू त्या खेळाडूसारखे दुसरे खेळाडू शोधून आणतात. माणसं नव्हेत, त्यांचे आकडे. हा इतक्या वेळा उभा राहिला, इतके चेंडू मारले, याला इतके मिळाले. मग आमच्या माणसाला त्याच्यापेक्षा जास्त का, किंवा कमी का. स्थळं बघताना चालतं तसंच. फरक इतकाच, की इथे नवरा मुलगा समोर बसलेला असतो आणि ज्या क्लबसाठी तो खेळतो, त्याच क्लबचे वकील त्याच्यात काय कमी आहे ते तासभर सांगत असतात. पुढच्या महिन्यात त्याने त्याच लोकांचा शर्ट घालून मैदानात उतरायचं.

मी मागे भिंतीशी उभी राहत असे. मला इंग्रजी येत नाही असा सगळ्यांचा समज होता. तो मोडायची मला काही गरज वाटली नाही.

एक धिप्पाड खेळाडू आठवतो. त्याचा क्लब त्याला जड म्हणाला, हळू म्हणाला, मोक्याच्या वेळी हरतो म्हणाला. खोली आवरताना बघितलं, तर त्याच्या जागेवर टेबलाच्या कापडाचे धागे ओढून ओढून त्याने बोट जाईल एवढं भोक पाडलं होतं. दुसरा एक आईला घेऊन आला होता. वकील मुलाचे दोष सांगायला लागला तशी ती बाई उठली आणि म्हणाली, "हे सगळं मला माहीत आहे. तुम्ही पैशांचं बोला." मला ती बाई आवडली.

ती खोली मात्र मला कधीच आवडली नाही. खिडकी नव्हती. गालिचा इतका जाड, की बोललेलं खाली पडून तिथेच राहतं असं वाटे. बाहेर वाळवंटाचं पांढरं ऊन असायचं आणि आत पाय ठेवला की अंगावर काटा येई. सुनावणी संपून सगळे गेल्यावर मी ग्लास गोळा करायला जायची, तेव्हा बोलणं अजून थांबलेलं नाही असं वाटायचं. एसीचा आवाज असतो तो. तरी मी तिथे एकटी जास्त वेळ थांबत नसे.

अनुजा तिथेच भेटली. मी ट्रॉलीच्या अडकलेल्या चाकाला शिव्या देत होते, तेव्हा मागून आवाज आला, "मावशी, तू मराठी आहेस?" मी दचकले. मुलगी अल्फारेटा नावाच्या इथल्याच एका गावची, जन्म अमेरिकेतला, आईवडील नागपूरचे. एका क्लबमध्ये आकडे बघायची नोकरी. म्हणजे कोण किती मारतो आणि त्याला किती द्यावेत, हे यंत्रावर काढायचं. मराठी तिचं अर्धंमुर्धं होतं, पण बोलायला लाजत नव्हती. तिची ती पहिली सुनावणी होती. आदल्या दुपारी ती खोलीत तयारी करत होती आणि मी टेबलं लावत होते.

सुनावणी होती तिच्याच क्लबच्या डॅनी नावाच्या बॅटरची. मागच्या हंगामात तो आजवर कधी खेळला नव्हता इतका चांगला खेळला होता, म्हणून त्याने मोठा आकडा मागितला होता.

तिने पडद्यावर दोन हलती चित्रं लावली. डावीकडे डॅनी, उजवीकडे वेस नावाचा दुसरा खेळाडू. दोघं बॅट घेऊन उभे. पाय जवळ, मागचा कोपर वर, मान जराशी तिरकी. चेंडू आला आणि दोघांनी एकदम बॅट फिरवली. एका माणसाला आरसा लावावा तसं. तिने ते पुन्हा लावलं. पुन्हा दोघं एकदम फिरले. माझ्या हातातलं कापड तसंच राहिलं.

"क्रीपी ना?" ती म्हणाली. "यंत्राला मी सांगितलं, डॅनीच्या लास्ट सीझनसारखा दुसरा कोण आहे ते शोध. हा आला. नंबर्स ऑलमोस्ट सेम."

"भाऊ आहेत का?"

"नो, नो. दुसऱ्याच टीमचा आहे. हा मी रिझर्व्हमध्ये ठेवलाय. लागला तरच काढायचा."

मी म्हटलं, बंद कर ते, मला काम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेस्कवरून नावाची कार्डं छापून आली. क्लबने पाठवलेल्या यादीवरून ती छापतात आणि मी मांडते. त्यात वेसचं कार्ड होतं. आले असतील दोघं, म्हणून मी डॅनीच्या शेजारी एक खुर्ची लावली, पुढे कार्ड ठेवलं, ग्लास ठेवला, पाणी ओतलं.

डॅनी सगळ्यांच्या आधी आला. उंच, शांत, हाताला घट्टे पडलेले. स्वतःचं कार्ड शोधता शोधता त्याला शेजारचं दिसलं. तो बराच वेळ उभाच राहिला. मग बसला. आणि बसताना त्याने ती शेजारची खुर्ची जराशी मागे ओढून ठेवली, उशिरा येणाऱ्यासाठी ठेवतात तशी. त्याचा वकील आला, कार्ड बघून त्याने भुवया उंचावल्या आणि ते उचलायला हात पुढे केला. डॅनी म्हणाला, "राहू दे."

क्लबचे लोक आले. त्यांना वाटलं हा कार्डावरचा वेस खेळाडूच्या बाजूचा साक्षीदार असणार. ते एकमेकांकडे बघायला लागले. खेळाडूच्या वकिलाला वाटलं, ही क्लबची काहीतरी खेळी आहे. लवादांना वाटलं, दोन्ही बाजूंना माहीत असेल. कोणीच विचारलं नाही. शिकलेली माणसं सगळी, पण आपल्याला काही माहीत नाही हे दाखवायला तयार नव्हती. सुनावणी सुरू झाली. बोलताना प्रत्येकाची नजर त्या खुर्चीकडे जाई आणि परत येई. माझी सुद्धा. मी जग घेऊन फिरले तेव्हा सवयीने त्या ग्लासाशी थांबले. तो भरलेलाच होता.

आधी खेळाडूची बाजू झाली, मग क्लबची. त्यानंतर एकमेकांना उत्तर द्यायला थोडा वेळ असतो. क्लबची बाजू लंगडी पडत होती. त्यांच्या वकिलाने अनुजाकडे बघितलं, आणि तिने राखून ठेवलेलं पान पडद्यावर आणलं. पुन्हा ते दोघे. पाय जवळ, कोपर वर. एकदम फिरले.

वकील म्हणाला, "या माणसाने गेल्या हंगामात डॅनीइतकंच मारलं. याची बाजारातली किंमत डॅनी मागतो त्याच्या जवळपासही नाही. म्हणजे डॅनीसारखं खेळणारा माणूस याहून फार कमी पैशांत मिळतो."

खेळाडू सहसा बोलत नाहीत. त्यांना तसं शिकवलेलं असतं. डॅनी बोलला. आवाज चढवला नाही.

"कोणता हंगाम?"

"गेला," वकील म्हणाला.

"तो सुरू व्हायच्या आधी मी त्याच्या शवपेटीला खांदा दिला."

पडद्यावर ते दोघं फिरतच होते. थांबवायचं कुणाला सुचलं नाही. डॅनीने शेजारच्या कार्डावर हात ठेवला आणि क्लबच्या लोकांकडे बघितलं. त्याला वाटत होतं, हे त्यांनी मुद्दाम केलं. मेलेला मित्र शेजारी बसवून त्याला मोडायचं, म्हणजे तो पैसे मागायचा नाही. पण ती खुर्ची तर मी लावली होती.

लवादांत मधोमध एक म्हातारी बाई बसली होती. वकील काहीतरी सारवासारव करायला लागला, त्याला तिने हाताने थांबवलं आणि अनुजाला विचारलं, "हा हंगाम खेळला गेला होता का?"

अनुजा उभी राहिली. बघून सांगते, असं म्हणून ती वेळ काढू शकली असती. तिचा साहेब तिला डोळ्यांनी तेच सांगत होता. ती मशीनवर वाकली, एक ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"नो मॅम," ती म्हणाली. "तो खेळला गेला नाही. आमच्या यंत्राने बनवला."

नंतर तिने मला समजावलं ते असं. ज्याने निवृत्ती लिहून दिलेली नाही, अशा प्रत्येक खेळाडूचा पुढचा हंगाम कसा जाईल याचा अंदाज यंत्र स्वतःच काढून ठेवतं. अंदाजाचा रंग वेगळा असतो. एका कागदावरून दुसऱ्यावर उतरवताना रंग गेला, आणि अंदाज खऱ्या हंगामासारखा दिसायला लागला. पडद्यावरचं वेसचं चित्र आधीच्या वर्षांतलं होतं, त्याची तारीख कुणी बघितली नाही. वेस मोठा खेळाडू नव्हता. थोडी वर्षं वरच्या, मोठ्या संघांत खेळला, मग लहान गावांच्या संघांत गेला. न्यू मेक्सिकोत रस्त्यावर त्याची गाडी उलटली. ती बातमी त्याच्या गावाबाहेर गेली नाही आणि यंत्राला तर कोणीच सांगितली नाही. यंत्रापुरता वेस जिवंत होता, वयाने वाढत होता, दर वर्षी खेळत होता. कार्डांची यादीही घाईत त्याच यंत्रातून निघाली होती.

हे सगळं मला पटलं. एकच पटलं नाही, आणि ते तिलाही सांगता येत नव्हतं. इतक्या जिवंत माणसांचे इतके हंगाम त्या यंत्रात आहेत. डॅनीचा हंगाम जुळला तो मात्र मेलेल्या माणसाने न खेळलेल्या हंगामाशी.

सगळे गेले. डॅनी तिथेच बसून राहिला. अनुजा वायरी गोळा करत होती आणि मी ग्लास. मी त्याच्याजवळ गेले आणि मला येतं तेवढ्या इंग्रजीत सांगितलं, की खुर्ची मी लावली, यादीत नाव होतं म्हणून. क्लबच्या लोकांना माहीत नव्हतं.

त्याने माझ्याकडे बघितलं. "थँक यू, मॅम," म्हणाला. खांदे खाली आले त्याचे.

मग तो आमच्याशी बोलला, किंवा खुर्चीशी बोलला आणि आम्ही ऐकलं. तो आणि वेस कोवळ्या वयात एका लहान गावच्या संघात होते, एका खोलीत राहायचे. बॅट धरून उभं कसं राहायचं हे त्याला वेसने शिकवलं. पुढे डॅनीने स्वतःची पद्धत धरली. वेस गेल्यानंतरच्या हंगामात तो पहिल्यांदा मैदानात उतरला, तेव्हा त्याचे पाय आपोआप जवळ आले. मागच्या पायावर जास्त वजन पडलं. "माझं नव्हे," तो म्हणाला. चेंडू येण्याआधी कुठे येणार ते कळायला लागलं. मारलेलं त्याला नंतर आठवत नसे. लोक टाळ्या वाजवत आणि तो बाकावर येऊन विचार करत बसे, की आत्ता कोण होतं.

मला भुताखेतांचं बोलणं आवडत नाही. मी म्हटलं, दुःखात माणसाला असं होतं. तो म्हणाला, "दुःख झालंच नाही, मॅम. तेच तर."

मग त्याने अनुजाला विचारलं, "त्यात पुढच्या वर्षीचं पण आहे?"

"आहे."

"दाखव."

मी तिला मराठीत म्हटलं, "दाखवू नकोस. झाक ते."

"मावशी, ही हॅज अ राइट."

"अधिकार मला शिकवू नकोस. मेलेल्या माणसाची पत्रिका जिवंताने वाचू नये."

तिने माझं ऐकलं नाही. डॅनीने एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं. पुढचं वर्ष, त्याच्या पुढचं, त्याच्याही पुढचं. आकडे उतरत गेले होते आणि एका ओळीनंतर पान कोरं होतं. तिथे त्याचं बोट थांबलं. तो उठला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी लवादांनी डॅनीचा आकडा उचलला. तो जिंकला.

त्या हंगामात मी पहिल्यांदा बेसबॉल बघितला, हॉटेलच्या स्टाफरूममधल्या टीव्हीवर. डॅनी उभा राहिला तो पाय फाकवून. कोपर खाली, मान सरळ. नवशिक्यासारखा. चेंडू गेला आणि मग त्याची बॅट फिरली. दर सामन्यात तेच. उन्हाळा गेला तरी तेच. लोक त्याच्याच मैदानात त्याची हुर्यो उडवायला लागले. टीव्हीवर त्याचा पगार आणि त्याने मारलेले चेंडू शेजारी शेजारी लिहून दाखवायचे, बघा, याला एवढे देतात आणि हा एवढंच मारतो. आमच्या मंडळाच्या गणपतीतही विषय निघाला. पुण्याहून आलेला एक आयटीतला मुलगा म्हणाला, "यार, एवढा पैसा मिळाल्यावर कोण मेहनत करतं? काकू, तुम्हीच सांगा." मी त्याला आणखी एक मोदक वाढला. काय सांगणार? त्या यंत्राने लिहिलेल्या ओळीवरून बाजूला व्हायला तो माणूस रोज सगळ्या गावासमोर हरत होता, आणि इतकी मेहनत मी कुणाला करताना बघितलेली नाही.

हंगाम संपल्यावर क्लबने त्याला सोडलं. मीही त्याच सुमारास काम सोडलं. गुडघे गेले होते.

गेल्या ऑक्टोबरात अनुजाचा फोन आला. तिने ती नोकरी सोडली होती. क्लबने तिला काढलं नाही, पण सुनावण्यांना पुन्हा पाठवलंही नाही. ती म्हणाली, "मावशी, जायच्या आधी मी वेसला डिलीट केलं. पूर्ण. मग डॅनीचा हा सीझन टाकला आणि त्याच्यासारखा कोण ते शोधायला सांगितलं. यंत्राने सगळे शोधले. आन्सर आलं, कोणी नाही. असं कधी होत नाही. कोणीतरी येतंच. डॅनीला कोणीतरी सांगायला पाहिजे गं."

"मग तू सांग."

"मला भीती वाटते."

डॅनी चँडलरलाच भाड्याने राहत होता. आमच्या घरामागच्या पार्कात मला तो आधीही एकदोनदा लांबून दिसला होता. मी दुपारी गेले. ऑक्टोबर असला तरी इथलं ऊन भाजतं. पार्कात चिटपाखरू नव्हतं. सरावाच्या जाळीच्या पिंजऱ्यात तो एकटाच, एका कमरेएवढ्या खांबावर चेंडू ठेवून मारत होता, ते वाकडं, नवशिकं मारणं. आवाज भरीव येत नव्हता. मला बघून त्याने टोपी काढली. मला ओळखलं त्याने.

मी सांगितलं. मुलीने यंत्रात शोधलं, तुझ्यासारखा कोणी नाही. आधीही कोणी झाला नाही.

"कोणीच नाही?" त्याने विचारलं.

"कोणीच नाही."

मला वाटलं तो हसेल. हेच मिळवायला तर त्याने सगळं घालवलं होतं. त्याने बॅट खाली टेकवली आणि लहान मुलासारखं विचारलं, "मग वेस कुठे आहे?"

"त्याला तिने पुसला," मी म्हटलं. मला गोड बोलता येत नाही.

त्याने मान हलवली. खांबावर चेंडू ठेवला. मग पाय जवळ घेतले, कोपर वर केला, मान तिरकी केली. पडद्यावर बघितलं होतं अगदी तसं. पण त्याने बॅट फिरवली नाही. मागच्या पायावर भार देऊन तो नुसता उभा राहिला. चेंडू समोर स्थिर होता आणि त्याच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. पाठीमागून कोणी येतंय का, ते ऐकत असल्यासारखा उभा होता. इतका वेळ, की मीसुद्धा ऐकायला लागले. पार्कात काही नव्हतं. ऊन होतं.

शेवटी त्याचे हात खाली आले. चेहरा ओला होता. मी त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं, सुनावणीतही नाही.

"नाही आला," तो म्हणाला.

"नाही येणार आता," मी म्हटलं. "मेलाय तो. घरी जा, ऊन फार आहे."